नेत्रावळीचे धबधबे, ऑक्टोबर अखेर: सावरी की मैनापी? पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा?

ओहोळ (मूळ प्रश्न)

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण गोव्यात आगोंदला चार रात्रींचा मुक्काम ठरला आहे. त्यातला एक दिवस समुद्र सोडून घाटाच्या पायथ्याच्या जंगलात घालवायचा विचार आहे. दूधसागर यावेळी नको. जीपच्या रांगेत सकाळ जाते आणि चालणं नावापुरतंच होतं. सांगे तालुक्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात सावरी आणि मैनापी असे दोन धबधबे आहेत असं कळलं.

आम्ही चौघं आहोत. आम्ही नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी (तरणतलावात पोहते, वाहत्या पाण्यात कधी नाही) आणि चौसष्ट वर्षांचे सासरे. ते रोज पाच किलोमीटर चालतात, पण उतारावर उजवा गुडघा कुरकुर करतो.

विचारायचं आहे ते असं. दोन्ही धबधबे एका दिवसात होतील का? परवानगी कुठे मिळते? वाटेत ओढे ओलांडावे लागतात असं वाचलं, तर कुठलं पाणी ओलांडायचं आणि कुठून मागे फिरायचं हे नवख्या माणसाने कसं ठरवावं? जळवा त्या सुमारास असतात का? आणि डोहात उतरावं का?

---

कुळागर

तुमच्या चौघांसाठी सावरी. मैनापी सध्या विसरा.

सावरीला गाडी ठेवल्यावर रुळलेली वाट आहे. दाट सावली, मध्ये पाणी, शेवटी धबधब्याकडे उतरण. सासऱ्यांच्या चालीने एका बाजूला पाऊण ते एक तास धरा. मैनापीची वाट वेगळी आहे. एका बाजूला दीड ते दोन तास, ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो आणि शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांवरून चढायचा. दुखरा गुडघा चढताना निभावून नेतो, पण भिजलेल्या धोंड्यांवरून उतरताना प्रत्येक पाऊल त्याच्यावर येतं. सावरीला पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं, त्यामुळे ऑक्टोबरअखेर तो भरलेलाच मिळेल.

आगोंदहून कुंकळ्ळी, केपे, तिळामळ, रिवण करत नेत्रावळीला या. दीड तास हाताशी ठेवा, रिवणच्या पुढे रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. पेट्रोल केप्यातच भरा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण नेत्रावळीच्या पुढे रेंज येते-जाते आणि जंगलात ती नाहीच असं धरून चाला. सुटे पैसे रोख ठेवा.

परवानगी म्हणजे वन खात्याच्या चौकीवर नोंद आणि प्रवेश शुल्क. हे अभयारण्य १९९९ साली जाहीर झालेलं, सुमारे २११ चौरस किलोमीटरचं आहे आणि इथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. चौकी टाळून आडवाटेने आत शिरणं हा गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये मैनापीवर दोघे बुडाले, त्यानंतर खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. तेव्हापासून कुठला धबधबा कधी खुला, हे जुन्या ब्लॉगवरून ठरवू नका. आदल्या दिवशी गावात किंवा चौकीवर विचारून घ्या. दारू आणि प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत. परत यायची शेवटची वेळ नोंद करतानाच विचारा आणि किती जण आत चाललात ते नीट लिहा. उद्या शोधायची वेळ आली तर तोच आकडा पहिल्यांदा बघतात.

चौकीवर सकाळी लवकर पोचा आणि एकच्या आत गाडीपाशी परत या. यात सूट घेऊ नका. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतीचा असतो. सकाळ स्वच्छ, दुपारी पूर्वेकडे घाटमाथ्यावर काळे ढग चढतात आणि तीन-चारच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर माथ्यावर धो धो कोसळत असतं, आणि ते पाणी तुमच्याच ओढ्याला येतं.

---

सह्यपाऊल

फक्त एका मुद्द्यावर वेगळं मत. सातला सुरुवात केली तर दोन्ही धबधबे एका दिवसात होतात. अंतर फार नाही. मूल आणि ज्येष्ठ नसतील तर मैनापी आधी आणि सावरी नंतर, असा क्रम ठेवावा.

---

कुळागर

अंतराचा प्रश्नच नाही, वेळेचा आहे. दुसरा धबधबा कुठलाही असो, तो दुपारी येतो, आणि ऑक्टोबरात दुपार ओढ्याकाठी काढायची नाही. डिसेंबरात तुम्ही म्हणता तसं जरूर करावं.

---

कातळवाट

पाण्याचा अंदाज हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट आदल्या रात्रीची. हवामान खात्याचा दक्षिण गोव्याचा इशारा बघा. पिवळा असला तरी बेत एक दिवस पुढे ढकला, तुमच्याकडे चार दिवस आहेत. गोव्यातल्या डॉप्लर रडारचं चित्र खात्याच्या संकेतस्थळावर मिळतं. ते बघताना किनारा सोडून पूर्वेची कड बघा, कारण तुमच्या ओढ्याचं पाणी तिथून येतं. आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ हे ॲप ठेवा. रेंज असेपर्यंतच त्याचा उपयोग, म्हणून गाडी सोडण्यापूर्वी एकदा उघडा.

ओढ्यापाशी पोचलात की लगेच पाय घालू नका. पाण्याच्या कडेला, अगदी रेषेवर, एक काडी रोवा किंवा ओळखता येईल असा दगड ठेवा. दहा मिनिटं बसा, पाणी प्या. काडी बुडाली तर पाणी चढतंय, तिथूनच परत. जागची असेल तर एक वाळकं पान प्रवाहात टाका आणि काठाने त्याच्यासोबत चाला. साध्या चालीने त्याला गाठता येत नसेल तर ते पाणी गुडघ्याच्या वर असताना ओलांडायचं नाही. गुडघा म्हणजे तुमच्या मुलीचा गुडघा, तुमचा नव्हे. वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. म्हणून ‘काल इतकंच पाणी होतं’ या वाक्याला अर्थ नाही, खोली तीच असून वेग वाढलेला असू शकतो.

ओलांडायची जागा निवडताना आधी खालच्या बाजूला बघा. पाय सुटला तर पुढे काय आहे? सपाट, गोट्यांचं पात्र असेल तर ठीक. आडवं पडलेलं झाड, दोन धोंड्यांमधली फट किंवा धबधब्याचा माथा असेल तर ती जागा बाद, पाणी कितीही शांत दिसो. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस अडकतो. पात्र जिथे रुंद तिथे पाणी उथळ. अरुंद जागा सोयीची वाटते, पण सगळा वेग तिथेच एकवटलेला असतो.

बूट काढू नका. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकून देता येईल. तोंड वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. हातातली काठी पुढे टेकवा. काठी आणि दोन पाय यांतल्या दोन गोष्टी कायम टेकलेल्या असाव्यात, एका वेळी एकच हलवायची. धडधाकट माणूस वरच्या अंगाला, मुलगी त्याच्या लगेच खालच्या अंगाला त्याच्या आडोशात, तिसरा तिचा दंड धरून. आजोबांना वेगळ्या फेरीत न्या. चौघांनी हाताची साखळी करून जाऊ नका, एक घसरला की सगळे ओढले जातात.

पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला, आणि तिरकं काठाकडे सरका. गुडघाभर किंवा त्याहून खोल वेगवान पाण्यात उभं राहायची धडपड करू नका. पाऊल दगडांच्या खाचेत अडकतं आणि वरून पाणी माणसाला आडवं करून दाबून धरतं. वाहत्या पाण्यात पोहणारेही मरतात ते बऱ्याचदा यामुळे.

पूर येण्याची चिन्हं पावसाच्या आधी दिसतात. स्वच्छ पाणी तांबूस होतं, कारण वरची जांभ्याची माती धुपून आलेली असते. पानं, काटक्या आणि फेस एकदम वाढतो. पाण्याचा आवाज बदलतो, तळाचे गोटे एकमेकांवर आपटल्याची घरघर त्यात मिसळते. यातलं एक जरी दिसलं तरी सामान गोळा करायला थांबायचं नाही, गाडीच्या बाजूचा काठ गाठायचा आणि वर चढायचं. पलीकडे अडकलात तर तिथेच उंचावर थांबा. या ओढ्यांचं पाणलोट लहान आहे, पाणी झपाट्याने चढतं तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही. उतरेपर्यंत बसणं हा भित्रेपणा नव्हे, परतायच्या घाईत लोक बुडतात.

आता डोह. तीन कारणांनी धारेच्या जवळ जाऊ नये. एक, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते माणसाला नेहमीच्या पाण्याइतकं तोलत नाही. तरणतलावात आरामात तरंगणारा माणूस तिथे खाली जातो आणि हातपाय मारून पुढे सरकत नाही. दोन, धार कोसळते तिथून पाणी तळाशी जातं आणि पृष्ठभागावरून पुन्हा कड्याकडे वळतं, त्यामुळे जवळ गेलेला माणूस आत खेचला जातो. तीन, धारेबरोबर वरून दगड आणि लाकडं येतात, ऑक्टोबरात तर येतातच, पावसाळ्याने सैल केलेलं असतं. वरून उडी तर कधीच नको. दर पावसाळ्यात डोहातले धोंडे जागा बदलतात, गेल्या वर्षीची खोली यंदाची नसते.

चौकीवर डोहात उतरायला मनाई सांगितली असेल तर विषय संपला. उतरू देत असतील तर डोह जिथून वाहून बाहेर पडतो त्या उथळ कडेला, तळ दिसेल इतक्याच पाण्यात, कमरेच्या खाली.

---

रानहळद

जळवांबद्दल. ऑक्टोबरअखेर कमी होतात, संपत नाहीत. वाळलेल्या वाटेवर दिसणार नाहीत, ओढ्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पालापाचोळ्यात मिळतील. दाट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळू-मोजे पँटवरून चढवा. नसतील तर फुटबॉलचे लांब मोजे आणि त्यांत पँट खोचलेली. बारीक मिठाची पुरचुंडी भिजवून मोज्यांच्या वरच्या कडेला आणि बुटांवर चोळा, पण ओढा ओलांडला की मीठ धुऊन जातं, पुन्हा चोळावं लागतं. चिकटलेली जळू उपटू नका. तिच्या बारीक टोकाशी, म्हणजे तोंडाशी, नख सपाट सरकवलं की सुटते. नंतर बराच वेळ रक्त वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दहा मिनिटं दाबून धरा आणि पट्टी लावा. सासरे रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर पट्ट्या जास्त न्या.

जळवांपेक्षा मी झाडांची काळजी जास्त घेईन. दिवाळीच्या सुमारास खाजकुइलीच्या शेंगा भरायला लागतात, मखमली तपकिरी लव असलेल्या. ती लव वाऱ्यानेही अंगावर येते. लागली तर चोळू नका, पाणीही लगेच नको. चिकटपट्टी दाबून दाबून उचला, मग धुवा. दुसरं, ज्या खोडावर काळ्या डांबरासारखे ओघळ दिसतील त्याला टेकू नका. रानबिब्ब्याच्या कुळातली ही झाडं ओलसर जंगलात असतात, चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. पाने एकत्र शिवलेली घरटी दिसली तर ते हुमले, म्हणजे तांबडे मुंगळे. फांदी हलवू नका. आणि कड्याला लटकलेली आग्या मोहोळं: अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका.

साप. वाटेच्या कडेला कमरेच्या उंचीवर वेलीत किंवा ओल्या दगडावर चापडा हा विषारी साप बसलेला असतो आणि तो हलत नाही. आधारासाठी हात टाकताना बघून टाका, हा एकच नियम. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, चापड्यावर ती खात्रीने चालत नाही. दंश झाला तर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. तो हात किंवा पाय फळीने स्थिर करा, अंगठ्या आणि कडे काढा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. रेंज आल्या आल्या १०८. रुग्णालयात सापाचा लांबून काढलेला फोटो उपयोगी पडतो, साप मारून नेणं नाही.

ओढ्याचं पाणी पिऊ नका. वर गुरं आणि गवे दोन्ही असतात. पायाला जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावून मगच उतरा, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू जखमेतून जातात. परतल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असं काही झालं तर डॉक्टरांना ओढ्यात उतरलो होतो हे आपणहून सांगा.

डिसेंबर ते मे या काळात येणाऱ्यांसाठी: तेव्हा जळवा नसतात पण गोचीड असते आणि तिच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा हंगाम तोच. गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावा, पाचोळ्यावर बसू नका, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे धुवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, चौकीवर कळवा.

---

ओहोळ

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. सावरीच नक्की केला. तीन शंका उरल्या. मुलीला दंडावर फुगवून बांधायचे फुगे आहेत, ते चालतील का? सोबत दोर ठेवावा का? आणि वाटाड्या घ्यावा का? बुटांचंही कुणी सांगा, आमच्याकडे सगळ्यांचे धावायचे बूट आहेत.

---

कातळवाट

दंडावरचे फुगे नकोत. ते खेळणं आहे. वाहत्या पाण्यात दंडावरून निसटतात आणि फांदीला लागून फुटतात. नीट लाइफ जॅकेट घ्या, मुलीच्या वजनाच्या मापाचं, दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. घातल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे आणि पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

दोर ठेवा, पण ओढ्यावर आडवा बांधायला नव्हे आणि कमरेला बांधायला तर अजिबात नव्हे. कमरेला दोर असलेला माणूस पडला की प्रवाह आणि दोर मिळून त्याला पाण्याखाली धरून ठेवतात. पंधरा मीटर पॉलिप्रॉपिलीनचा दोर घ्या, तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि दगडांत अडकतो. पिशवीत सुटा भरून ठेवा, गुंडाळी करू नका. ओलांडताना एकाने दोर घेऊन खालच्या अंगाला आठ-दहा मीटरवर उभं राहायचं. कुणी वाहत आलं तर एक टोक हातात धरून पिशवी त्याच्या पलीकडे फेकायची. दोर जवळ नसेल तर बूच लावलेली पाच लिटरची रिकामी कॅनसुद्धा फेकता येते. मदतीला कुणीही पाण्यात उडी मारायची नाही. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास असं चालू ठेवा. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका.

---

दगडफूल

बुटांचं मी सांगतो. धावायच्या बुटांचा तळ फेसासारखा मऊ असतो, ओल्या दगडावर पकडत नाही, आणि जाळीतून वाळू शिरून दोन तासांत टाचा सोलवटतात. महाग गिर्यारोहणाचे बूट घ्यायची गरज नाही. पाणी न शिरणारे म्हणून मिळणारे तर उलट नकोत, वरून पाणी गेलं की ते आतच राहतं. रबरी काट्यांचा तळ असलेले साधे कापडी बूट उत्तम, ओले होतात आणि वाहून वाळतात. आत लोकरीचे किंवा नायलॉनचे पातळ मोजे, सुती नकोत. एक कोरडी जोडी गाडीत.

ओल्या कातळावर रंग बघून पाय टाका. काळा, गुळगुळीत, कोरडा भासणारा पापुद्रा सगळ्यात वाईट, ते शेवाळच असतं. खरबरीत करडा भाग किंवा वाळू-गोटे बघा. पूर्ण तळवा टेका, टाचेवर उतरू नका. झाडांची ओली मुळं तुडवू नका, ओलांडा.

सासऱ्यांना दोन काठ्या द्या, एक नाही. उतारावर काठ्या कोपरात काटकोन होतो त्या मापापेक्षा थोड्या लांब ठेवायच्या, आधी दोन्ही काठ्या खाली टेकवायच्या, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट, चांगला पाय आधी. गुडघ्याचा पट्टा रोज वापरत नसतील तर त्याच दिवशी नवा लावू नका, घामाने सरकून जास्त त्रास देतो. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं उभं राहणं हे तासाने पंधरा मिनिटं बसण्यापेक्षा बरं, बसलं की गुडघा आखडतो.

पाणी माणशी दोन लिटर. सावली असली तरी दमटपणाने घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि तहान उशिरा कळते. क्षारसंजीवनीचं (ओआरएस) एक पाकीट एका लिटरमध्ये पूर्ण घाला, अर्धं अर्धं करू नका.

---

कुळागर

वाटाड्या घ्या. सावरीची वाट चुकण्यासारखी नाही, पण काल रात्री वर पाऊस झाला का आणि ओढा नेहमीपेक्षा किती वर आहे हे गावच्या माणसाला एका नजरेत कळतं. चौकीवर विचारलंत तर गावातला कुणीतरी मिळतो. पैसे आधी ठरवा.

गवा समोर आला तर थांबा, त्याला वाट द्या, हळू मागे सरका. पळू नका, फोटोसाठी पुढे होऊ नका.

जेवण सोबत आणा किंवा चौकीवर विचारून सकाळीच गावात कुणाकडे तरी सांगून ठेवा, ऐनवेळी दुकानात फारसं काही मिळत नाही. आणि सकाळी आभाळ भरलेलं असेल तर धबधब्याचा हट्ट सोडून नेत्रावळीच्या गोपीनाथ देवळाशेजारची बुडबुड्यांची तळी बघा, पायऱ्यांवरून तळातून वर येणारे बुडबुडे स्पष्ट दिसतात. सासऱ्यांना बसायलाही तिथे चांगली जागा आहे. गावाच्या आसपास सुपारी-मिरीची कुळागरं आहेत, मालकाला विचारून आत जा.